दोनशे अकरा निरोप

घरात तिला ठमी म्हणत. लहानपणी बुटकी आणि गोल होती म्हणून पडलेलं नाव. पुढे उंची वाढली, गोलाई गेली, नाव तेवढं राहिलं. वयाच्या अडतिसाव्या वर्षी, घरापासून दोन विमानं दूर असलेल्या शहरात एकटी राहत असतानासुद्धा, रविवारी फोन लावला की वडिलांचा आवाज यायचा तो "हं, ठमे, बोल" असाच.

ऑफिसात मात्र तिला डॉक्टरीणबाई म्हणायचे. तिचं काम बिघडलेली वेबपानं दुरुस्त करायचं. एखाद्या दवाखान्याचं पान असतं, पुढचा नंबर लागला की पडद्यावरचा आकडा आपोआप बदलायला हवा. एका ब्राउझरमध्ये तो बदलतो, दुसऱ्यात बदलत नाही, तिसऱ्यात बदलतो पण शेजारचा मजकूर पुसून टाकतो. असं काही झालं की पान तिच्या टेबलावर यायचं. टेबलाखाली तिने चार जुनी मशीनं जपून ठेवली होती, प्रत्येकावर वेगळा, कधीच नवा न केलेला ब्राउझर. नव्याने लागलेली मंडळी येऊन म्हणायची, "पण माझ्या मशीनवर चालतंय." त्यावर तिचं उत्तर ठरलेलं होतं. "मग तुझं मशीन पाठवू या का सगळ्यांच्या घरी?"

तिच्या आईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. आई म्हणजे घरातला आवाज होता. पुढच्या खोलीत ती शिवणाचे वर्ग घ्यायची. पंधरा-वीस मुली, सहा मशीनं, आणि त्या सगळ्या खडखडाटाच्या वर आईची बडबड. अण्णा, म्हणजे ठमीचे वडील, पंपांच्या कारखान्यात फिटर होते. ते घरी आले की हातपाय धुऊन गप्प बसायचे. "दोघांचं मिळून मीच बोलते," असं आई लोकांना सांगायची. आणि आता तिच्या तोंडून एकच आवाज निघायचा. 'हां' आणि 'हं' यांच्या मधलं काहीतरी. समजत मात्र सगळं होतं. डोळे तसेच होते, तल्लख आणि जरा खट्याळ.

ठमी रजा काढून आली आणि तीन आठवडे राहिली. आईला भरवलं, कूस बदलली, सांभाळायला एक मावशी शोधून दिली. परत जायच्या आधी प्रश्न होता बोलण्याचा. फोनवर मुलीचा आवाज ऐकला की आई उत्तर द्यायची धडपड करायची, शब्द निघायचे नाहीत, मग रडायची, रडताना घास अडकावा तशी घुसमटायची. दोनदा असं झालं. डॉक्टर म्हणाले, "फोन देऊच नका सध्या. लिहा, आणि कोणीतरी वाचून दाखवा."

अण्णांचा मोबाइल बटणांचा. त्यावरची अक्षरं त्यांना भिंगातून दिसायची. पण त्यांच्या खोलीत एक कॉम्प्युटर होता, दहा-अकरा वर्षांचा, पंखा दोनदा त्यांनी स्वतः बदललेला. त्यावर ते हवामान बघायचे आणि पत्ते खेळायचे. एकदा त्यावर काहीतरी नवं आपोआप चढलं आणि पत्ते उघडेनासे झाले, तेव्हापासून त्यांनी सगळी नवी भर बंद करून टाकली होती. "चालतंय ना? मग हात लावायचा नाही," हा त्यांचा कारखान्यातला नियम होता आणि तो घरीही चालायचा.

निघायच्या दिवशी सकाळी, बॅग एकीकडे उघडी असताना, ठमीने आपल्या लॅपटॉपवर एक पान तयार केलं. पांढऱ्या पडद्यावर एक चौकट, चौकटीत बोटभर उंचीची काळी अक्षरं. ती तिकडून रोज निरोप लिहिणार, आणि अण्णांनी सकाळी पान उघडलं की चौकटीतला मजकूर बदलून नवा निरोप दिसणार. चौकट रिकामी दिसू नये म्हणून पहिला निरोप तिने पानातच लिहून टाकला. 'आई, अण्णा हे तुला वाचून दाखवतील. मी रोज लिहीन.'

अण्णांच्या मशीनवर तिने ते पान उघडून दिलं. गोल बाणाचं बटण दाखवलं. "रोज सकाळी हे दाबायचं. दिसतंय का नीट?"

अण्णा वाकून बघत म्हणाले, "दिसतंय. मोठं आहे. चांगलं आहे."

खाली गाडी उभी होती. ती आईच्या कपाळावर ओठ टेकवून निघाली.

त्यानंतर तिने खरोखर रोज लिहिलं. सकाळी ऑफिसला जायच्या आधी, चहाचा कप शेजारी ठेवून. कधी चार ओळी, कधी पानभर. शेजारच्या इमारतीत एक म्हातारा बाल्कनीत उभं राहून दाढी करतो. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं आणि मला जांभई आली. आई, तुझ्या हातचा तो निळा झगा मी अजून घालते, शिवण एका जागीसुद्धा उसवलेली नाही. तिच्या बाजूच्या पानावर एक तक्ता होता, प्रत्येक निरोपापुढे तो उचलला गेल्याची वेळ दिसायची. सकाळी आठ दहा, आठ पंधरा, आठ बारा. अण्णा वेळेचे पक्के. त्या रकान्याला तिने नाव दिलं होतं, 'वाचला'. संध्याकाळी घरी आल्यावर ती आधी तो रकाना बघायची आणि मग दिवा लावायची.

रविवारी फोन. अण्णांना फोनवर कमी ऐकू यायचं आणि बोलणं तर मुळातच कमी.

"अण्णा, निरोप वाचून दाखवता ना आईला?"

"दाखवतो."

"तिला आवडतात?"

"हं. हसते."

एवढ्याने तिचा आठवडा निघायचा.

पाचव्या महिन्यात तिला राहवेना. कामात लक्ष लागेना, रात्री स्वप्नात शिवणाच्या मशीनचा आवाज यायचा. तिने एका निरोपात सरळ विचारलं. 'आई, मी नोकरी सोडून तुझ्याजवळ येऊन राहू का? लाजू नकोस, माझी काळजी करू नकोस, तुला काय हवं ते सांग. डोळे मिटून हो किंवा नाही कर, अण्णा मला रविवारी सांगतील.' रकान्यात दुसऱ्या दिवशीची वेळ उमटली, आठ अकरा. रविवारपर्यंतचे चार दिवस तिने कसेबसे काढले. फोन लागल्या लागल्या तिने विचारलं, "अण्णा, येऊ का मी?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग अण्णा म्हणाले, "कशाला? इथे काही अडलेलं नाही. तू तुझी कामं कर."

"नक्की?"

"नक्की."

ती पलंगावर बसली आणि थोडी रडली. त्या रडण्यात सुटकाही होती, हे तिचं तिलाच पुढे फार बोचलं. आईनेच नाही म्हटलं, असं धरून ती पुन्हा कामाला लागली.

दोनशे अकरावा निरोप तिने एका मंगळवारी लिहिला. बुधवारी मावशींचा फोन आला. आई पहाटे झोपेतच गेली होती.

ठमी पोचली तोवर सगळं उरकलं होतं. घर आवरलेलं, औषधांच्या बाटल्या एका खोक्यात भरलेल्या. अण्णा खुर्चीत बसले होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, "दमली असशील," म्हणाले, आणि आत जाऊन तिच्यासाठी पाणी आणलं. लोक येत होते, बसत होते, जात होते. शिवणाच्या वर्गातल्या जुन्या मुली आल्या, आता त्यांच्याच मुली कॉलेजात जाणाऱ्या. त्या सगळ्या बोलत होत्या आणि अण्णा मान हलवत होते.

आठ-नऊ दिवसांनी वर्दळ थांबली. एका सकाळी मावशी शेवटचा हिशोब म्हणून नव्हे, नुसत्याच भेटायला आल्या. अण्णा भाजी आणायला बाहेर गेले होते. स्वयंपाकघरात चहा पिता पिता मावशी म्हणाल्या, "ताई, एक सांगू? तुमच्या निरोपांनी त्या माउलीचे दिवस बरे गेले. सकाळी आठ वाजले की डोळे दाराकडे. अण्णा येऊन बसले की आधीच हसायला लागायच्या."

ठमीने कप खाली ठेवला. "खरंच?"

"अहो, त्या मांजराचं तर इतकं हसल्या, मला वाटलं ठसका लागतो की काय."

"कोणत्या मांजराचं?"

"तुमच्या खिडकीत येतं ना. तुम्ही साहेब म्हणता त्याला. दूध दिलं की आधी वास घेऊन तोंड वाकडं करतं, मग पितं. आणि ते वरच्या मजल्यावरचे गृहस्थ, तुतारी शिकणारे."

ठमीच्या खिडकीत कधी मांजर आलं नव्हतं. तिच्या घरावर वरचा मजलाच नव्हता. तिला वाटलं, मावशी अनेक घरी कामाला जातात, कुठलं तरी दुसऱ्या घरचं यात मिसळतंय.

"आणि तुमचं पोहायला शिकणं," मावशी पुढे म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी टोपी पाण्यात गेली आणि मास्तरांनी उडी मारून काढली, बरं का. हे 'बरं का' तर आम्हाला पाठच झालं होतं. तुमचा प्रत्येक निरोप 'बरं का' म्हणून संपायचा."

ठमीने आयुष्यात कधी 'बरं का' लिहिलं नव्हतं. ते शब्द अण्णांचे होते. फार क्वचित काही सांगितलं तर ते त्याला शेवटी गाठ मारल्यासारखे लावायचे.

मावशी गेल्यावर ती अण्णांच्या खोलीत गेली आणि कॉम्प्युटर सुरू केला. पंखा घरघरला. सावकाश, एकेक पायरी चढावी तसा पडदा उजळला. पानाचं चिन्ह तिनेच सात महिन्यांपूर्वी समोर ठेवलं होतं. तिने ते उघडलं.

'आई, अण्णा हे तुला वाचून दाखवतील. मी रोज लिहीन.'

तिने गोल बाण दाबला. तेच. पुन्हा दाबला. तेच.

तिने स्वतःचा लॅपटॉप आणून शेजारी ठेवला आणि त्यावर तेच पान उघडलं. तिथे मंगळवारचा शेवटचा निरोप दिसत होता. एकाच टेबलावर दोन पडदे, एकावर पहिला दिवस आणि दुसऱ्यावर शेवटचा.

तिचे हात सवयीने चालायला लागले. ऑफिसात ती ज्या क्रमाने जायची त्याच क्रमाने. आधी संशय जुन्या साठवणीचा, मशीन साठवलेलं जुनं पानच पुन्हा पुन्हा दाखवत असेल. साठवण पुसली. तेच. मग संशय असा की पानातली जावास्क्रिप्ट इथे चालतच नसेल. तिने कोडच्या सुरुवातीला एक ओळ घातली, 'इथवर पोचलो' एवढं छोट्या खिडकीत दाखवणारी. खिडकी उघडली. म्हणजे चालतंय. मग निरोप येत नसेल? आलेला निरोप त्याच छोट्या खिडकीत दाखवायला सांगितला. तो आला. 'आई, आज इथे ऊन पडलंय…' अक्षर न् अक्षर. म्हणजे निरोप या खोलीत, या मशीनमध्ये रोज येऊन पोचत होता. फक्त चौकटीत उतरत नव्हता.

राहिली एकच ओळ, मजकूर चौकटीत ठेवणारी. त्या ओळीत तिने 'इनरटेक्स्ट' हा शब्द वापरला होता. तिच्या लॅपटॉपवरच्या ब्राउझरला तो कळत होता. अण्णांच्या जुन्या ब्राउझरला तो ठाऊकच नव्हता. आणि ठाऊक नाही म्हणून तो अडतही नव्हता, चूकही दाखवत नव्हता. त्या नावाचा एक कप्पा निमूट उघडायचा, निरोप त्यात ठेवून द्यायचा, आणि पडदा होता तसाच राहायचा. 'टेक्स्टकंटेंट' असं लिहिलं असतं तर दोन्हीकडे चाललं असतं. ही गोष्ट ती नव्या मंडळींना पहिल्याच आठवड्यात शिकवायची.

तिने शब्द बदलला, गोल बाण दाबला. जुन्या पडद्यावर चौकटीत अक्षरं पालटली. 'आई, आज इथे ऊन पडलंय. अण्णा, तिलाही उन्हाकडे तोंड करून बसवा.'

सगळं मिळून पंधरा मिनिटंही लागली नव्हती.

अण्णा भाजीची पिशवी घेऊन दारात उभे होते. किती वेळ, तिला कळलं नाही.

"अण्णा," ती म्हणाली, "तुम्हाला रोज तो पहिलाच निरोप दिसत होता?"

"हो."

"सात महिने?"

"हो."

"मग बोलला का नाहीत? एकदा तरी?"

अण्णांनी पिशवी खाली ठेवली. पलंगाच्या कडेला बसले. "काय बोलायचं? तुला वेळ होत नसेल, असं वाटलं. तिकडे एकटी, नोकरी, जाणं-येणं. दोन-तीन दिवस मी नुसतंच वाचलं, तेच ते. चौथ्या दिवशी हिने तोंड फिरवलं. मग मी आपलं काहीबाही लावून दिलं. तिला बरं वाटलं. मग रोजचंच झालं."

"पण मी दर रविवारी विचारत होते, वाचता ना म्हणून!"

"विचारायचीस ना. मला वाटलं, तुला लाज वाटतेय, म्हणून झाकायला बघतेयस. मग मीही झाकलं. मुलीला कशाला उघडं पाडायचं?"

तिने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला आणि तक्ता उघडला. एकाखाली एक, दोनशे अकरा ओळी. "मी रोज लिहिलंय, अण्णा. एक दिवस चुकवला नाही. पान माझंच चुकलं. मी इथे, या मशीनवर, तपासूनच बघितलं नाही."

अण्णांनी खिशातून चष्मा काढला, लावला, आणि वाकून बघायला लागले. बोट लावून तारखा खाली खाली वाचत गेले. फिटरचं बोट, नखाखाली कायमचा काळा पट्टा. अर्ध्यावर ते थांबले. बोट तिथेच राहिलं.

"म्हणजे तू लिहीत होतीस," ते म्हणाले.

"हो."

"आणि मी मनात तुला…" अण्णांनी बोट तक्त्यावरून उचललं. चष्मा काढून हातात धरून बसले. मग म्हणाले, "मी तुझ्याबद्दल वाईट विचार केला, ठमे. पुष्कळ वाईट. हिच्याजवळ बसून, तुझं प्रेमाचं बोलायचो आणि आत शिव्या द्यायचो."

ठमी त्यांच्या शेजारी जाऊन बसली. दोघांच्या मध्ये हातभर जागा होती. तिला एक गोष्ट विचारायची होती आणि विचारायची भीतीही वाटत होती.

"अण्णा, पाचव्या महिन्यात मी आईला विचारलं होतं, नोकरी सोडून येऊ का. निरोपात. मग रविवारी तुम्हाला फोनवर विचारलं. तुम्ही म्हणालात, कशाला. मला वाटलं ते आईचं उत्तर आहे."

अण्णांनी मान हलवली. "ते माझं होतं. रागाचं. दोन ओळी लिहायला जिला सवड नाही ती तोंडदेखलं विचारतेय, असं वाटलं."

"आईला विचारलं असतं तर?"

कोणी दुसरं असतं तर इथे काहीतरी गोड बोललं असतं. अण्णांना सात महिने रोज गोड बोलून झालं होतं. "ये म्हणाली असती," ते म्हणाले. "खोटं कशाला सांगू? रोज ये म्हणाली असती."

ठमी उठून न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून रडली. बाहेर आली तेव्हा अण्णा भाजी निवडत बसले होते. दोघंही त्या दिवशी जेवली नाहीत, भाजी मात्र सगळी निवडून झाली.

दुसऱ्या दिवसापासून अण्णा ठमीच्या लॅपटॉपवर ते निरोप वाचायला बसले. मोठ्याने नाही, मनात. रोज सकाळी आठला खुर्ची ओढायचे आणि दुपारपर्यंत वाचायचे. ठमी मागून जाता-येता बघायची. कधी ते मध्येच विचारायचे, "हा दाढीवाला म्हातारा अजून आहे का?" कधी नुसतेच "हं" करायचे. शंभराच्या आसपास असताना ते एकदा म्हणाले, "तू चांगलं लिहितेस. माझ्यापेक्षा हिला तुझंच जास्त आवडलं असतं."

"तुमचं ऐकून ती हसायची म्हणतात मावशी."

"हसायची. पण मधूनच माझ्याकडे अशी बघायची की मला वाटायचं, हिला कळलंय."

"मग?"

"मग काय. कळलं असलं तरी तिने मला थांबवलं नाही."

ठमीने त्यांना बनवलेले निरोप सांगायला लावायचा प्रयत्न केला. ते लाजले. अगदी कान लाल होईपर्यंत लाजले. "जाऊ दे गं, काहीतरी असायचं," म्हणून उठून गेले. त्यावरून एकदा भांडणही झालं. ती म्हणाली, तुम्ही एका शब्दाने विचारलं असतंत तर पंधरा मिनिटांत दुरुस्त झालं असतं. ते म्हणाले, तू पंधरा मिनिटं आधी इथे बसली असतीस तर विचारायची वेळच आली नसती. दोघांचंही खरं होतं. संध्याकाळपर्यंत घरात कोणी बोललं नाही. मग अण्णांनी चहा केला आणि तिच्यापुढे कप ठेवला, बशीत थोडा सांडलेला.

तीन आठवडे झाले आणि रजा संपली. तुम्ही माझ्याबरोबर चला, असं ती म्हणाली. अण्णा म्हणाले, मी तिथे काय करू. तिलाही ते माहीत होतं. निघताना तिने घर आवरलं, आपण वापरलेल्या चादरी-टॉवेल धुवायला टाकले, फ्रीज पुसला. गाडीपर्यंत अण्णा बॅग घेऊन आले. "पोचलीस की कळव," म्हणाले. एवढंच.

ऑफिसात पहिल्याच दिवशी एक नवा मुलगा पान घेऊन आला. मजकूर एका जुन्या ब्राउझरमध्ये बदलत नव्हता. ठमीने बघितलं, एका शब्दाची चूक होती. तिने ती दाखवली आणि काहीच बोलली नाही. तो गेल्यावर ती जिन्यात जाऊन उभी राहिली.

पहिल्या दोन रविवारी अण्णांनी फोन लवकर ठेवला. जेवलात का, झोप लागते का, मावशी येऊन जातात का, एवढ्यावर बोलणं आटपायचं. समोरच्याने आपल्याला माफ केलंय की नाही, हे दोघांनाही एकमेकांबद्दल कळत नव्हतं, आणि विचारणार कोण?

तिसऱ्या रविवारी फोन लागला तेव्हा "हं, ठमे, बोल" आलं नाही. अण्णाच बोलायला लागले. आधी काही प्रस्तावना नाही.

"शेवटचा जो सांगितला ना मी, तो सांगतो तुला. मंगळवारी. सकाळी हिला ताप होता म्हणून संध्याकाळी बसलो. काही सुचेना. माझ्याजवळचं संपलंच होतं गं. किती बनवणार? ती वाट बघत होती. म्हणून म्हटलं, आई, मी पुढच्या आठवड्यात येते. राहायलाच येते."

ठमी भिंतीला टेकून खाली बसली.

"मला वाटलं हसेल. हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली आणि मग डावा हात उचलून कपाटाकडे दाखवायला लागली. मला कळेना. औषध दाखवलं, नाही. शाल दाखवली, नाही. साड्या काढल्या, नाही. सगळं कपाट जमिनीवर काढलं मी, ती आपली हां हां करतेय. तळाला ती जाड चादर होती, निळ्या काठाची, पाहुण्यांसाठी ठेवलेली. ती दाखवली तर डोळे मिटले. हो म्हणून. मग हात तुझ्या खोलीकडे. मी जाऊन तुझ्या पलंगावर घातली. परत आलो तर पुन्हा हात. मग तिला खुर्चीवर बसवून, ढकलत तुझ्या दारापर्यंत नेलं. एका कोपऱ्याला सुरकुती होती, ती बोटाने दाखवली. मी ओढून सरळ केली. तेव्हा समाधान झालं तिचं. झोपली. पहाटे गेली."

ठमीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तू आलीस तेव्हा त्यावरच झोपलीस," अण्णा म्हणाले. "मी सांगणार होतो. जमलं नाही."

तीन आठवडे ती त्या चादरीवर झोपली होती. जाड आहे, उकडतं, म्हणून दोनदा पायांनी बाजूला सारली होती. शेवटच्या दिवशी गोळा करून बादलीत टाकली होती.

"अण्णा," ती म्हणाली, "आणखी सांगा."

"काय सांगू?"

"काहीही. तुम्ही बनवलेलं सांगा. पहिल्यापासून."

घसा साफ केल्याचा आवाज आला, खुर्ची ओढल्याचा आला. मग अण्णा सांगायला लागले. अडखळत, मध्येच मागे जाऊन दुरुस्त करत, कोणत्या दिवशी काय होतं ते आठवत. ती फोन कानाशी धरून जमिनीवर बसून राहिली. पहिला तास उलटला तेव्हा ते अकराव्या निरोपापर्यंत आले होते.